कार्डावरचा कापूस

काका, तुम्ही गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते आधी लिहून टाकते. नंतर धीर होणार नाही. मला वाटलं, आता ते ड्रॉवर कोण उघडणार?

रडू नंतर आलं, ऑफिसच्या बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून. पण पहिला विचार ड्रॉवरचा होता. तुमच्या टेबलाखालचे चपटे ड्रॉवर, ज्यात तुम्ही जुन्या कॉम्प्युटरचे आणि व्हिडिओ गेमचे प्रोसेसर काळ्या फोममध्ये पाय रोवून ठेवायचात. सहा वर्षं, जवळजवळ दर रविवारी, मी त्या ड्रॉवरांशेजारी बसले. आणि सहा वर्षं मला खात्री होती की त्यातल्या एकात माझ्या बाबांची चिप आहे. तुम्ही काढून घेतलेली.

हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुमच्याशी मी तशी कमीच बोलायचे. तुम्हाला वाटायचं, इंग्रजी शाळेतली मुलगी आहे, मराठीत अडखळते म्हणून गप्प असते. तेही होतंच. तुम्ही 'एकोणसाठ' म्हणालात की मी मनात आधी बोटं मोजायचे. पण गप्प राहण्याचं खरं कारण वेगळं होतं. मी तुमच्यावर लक्ष ठेवत होते.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा. बाबांच्या कपाटावर एक छोटा कॉम्प्युटर पडून होता. टीव्हीला जोडायचा, रबरी कळांचा, वहीएवढा. नोकरी लागल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेली पहिली वस्तू. 'आपल्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारा पहिला माणूस मी', हे बाबा वर्षातून एकदा तरी ऐकवतात. तो सुरू होईना. स्क्रीनवर नुसते पट्टे यायचे. नारायण पेठेत एक गृहस्थ असली जुनी मशीन दुरुस्त करतात, असं मला इंटरनेटवर कळलं. तिथेच खाली कुणीतरी लिहिलं होतं की असले दुरुस्तीवाले आतली मूळ चिप काढून घेतात आणि खोटी बसवून देतात. आता कारखान्यानंही त्या चिपा बनवणं बंद केलंय. तेव्हा केलं नव्हतं, पण जुन्या, मूळच्या चिपांमागे लोक तेव्हाही लागलेले असायचे.

म्हणून तुमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी मी मशीनचे स्क्रू काढले. आत सॉकेटमध्ये चाळीस पायांचा प्रोसेसर होता, झेड-८०. त्याच्या कोपऱ्यावर मी नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. मरून रंगाचा. मुद्दाम शोधल्याशिवाय दिसणार नाही एवढाच. फुंकर घालून वाळवला आणि झाकण लावलं. मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

निघताना बाबा म्हणाले, "पेठेत चाललीयेस. आधी आडनाव विचारतील. सांग बिनधास्त."

मी जिना चढताना आडनाव मनात घोकत होते. तुम्ही दार उघडलंत, चष्मा कपाळावर.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. इंटरनेटवर वाचलं."

"म्हणजे सगळ्यांनीच पाठवलं. ठेव तिथे."

आडनाव विचारलंच नाहीत. माझ्या मशीनसाठी एक कोरं कार्ड काढलंत आणि नावाच्या जागी लिहिलंत, 'मुलगी, चष्मा, बोलत नाही.' मी ते उलटं वाचलं. माझं उत्तर तयार होतं आणि प्रश्नच आला नाही, त्यामुळे मला तुमचा आणखी संशय आला. इतकं सरळ कुणी कशाला असेल?

आठ दिवसांनी मशीन घ्यायला आले तेव्हा माझ्या आधी एक गृहस्थ बसले होते, त्यांच्या मुलांचा जुना टीव्ही गेम घ्यायला. त्यांना तुम्ही त्यांचं कार्ड दाखवलंत. जाड पुठ्ठ्याचं, पोस्टकार्डाएवढं, आणि त्यावर सेलोटेपनं चिकटवलेला कापसाचा छोटा बोळा.

"पांढरा आहे ना?" तुम्ही म्हणालात. "म्हणजे तुमची चिप खरी. हल्ली काय करतात, दुसरीच कुठलीतरी चिप घेऊन तिचं नाव घासून टाकतात. वर काळा लेप देतात, त्यावर हवं ते नाव छापतात. अडीच मेगाहर्ट्झ वेगाची चिप चारची म्हणून विकतात. थंड आहे तोवर चालते. तापली की अडखळायला लागते. म्हणून माझ्या टेबलावर आलेली प्रत्येक चिप मी ॲसिटोननं पुसून बघतो. लेप असला तर कापूस काळा होतो."

"पण ही तर आमच्याच मशीनमधली आहे," ते गृहस्थ म्हणाले.

"तुमच्याआधी कुणी उघडलं असेल तर? घरचा आहे म्हणून दूधवाल्याच्या दुधात पाणी नसतं का?"

ते हसत गेले. मग तुम्ही माझं मशीन टीव्हीला लावून दाखवलंत. सुरू झालं. "मेमरीच्या दोन चिपा गेल्या होत्या, त्या बदलल्या. प्रोसेसर मूळचाच आहे. ठणठणीत." मी माझ्या कार्डाकडे पाहिलं. ते टेबलावरच होतं. तुम्ही ते उपडं घातलंत आणि त्यावर चहाची बशी ठेवलीत.

घरी येऊन झाकण उघडलं. ठिपका नव्हता.

बाबांना मी लगेच सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चालतोय ना? मग असू दे. गोड बोलणारी माणसं अशीच असतात." आणि कॉम्प्युटर पुन्हा कपाटावर ठेवला. तोवर ते त्याला 'आपला कॉम्प्युटर' म्हणायचे. त्यानंतर 'तो वरचा' म्हणायला लागले. तेवढा एक शब्द बदलला, आणि तो तुमच्यामुळे बदलला असं मी धरून चालले.

पुढच्या रविवारी मी परत आले. शिकायचंय म्हणून सांगितलं.

"काय शिकायचंय?"

"तपासायला."

तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत. मग खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचललीत. "या, तपासनीस."

तेव्हापासून ते नाव पडलं. काकू आतून विचारायच्या, "तपासनीस आल्या का? चहा टाकू का?" मला वाटायचं, मी टक लावून बघते म्हणून चिडवताय.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बाटली ठेवलीत आणि माझ्या नखांकडे बघत म्हणालात, "ॲसिटोन. तुमच्या त्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये हेच असतं. सगळं पुसून टाकतं." मी हात टेबलाखाली घेतले. मुलींना नखांवरून बोलणारा आणखी एक काका, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्यानंतर तुमच्याकडे येताना मी नेलपॉलिश लावणं सोडलं.

इथे मला थांबावं लागलं, काका. दोनदा उठून पाणी प्यायले.

कारण शिकवलंत तुम्ही मन लावून. चिपच्या कडेची खाच बोटानं कशी ओळखायची, घासलेल्या चिपची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा गुळगुळीत कशी लागते. झेड-८० कुठल्या मशीनमध्ये, ६५०२ हा दुसरा प्रोसेसर कुठल्या गेममध्ये, आणि एकच काम दोघे कशा वेगळ्या रीतीनं करतात. "हा थोडं थोडं खातो, पण भराभर. तो मोठा घास घेतो आणि चावत बसतो." नगरहून एका शिक्षकांचा कॉम्प्युटर आला होता, त्यांनी त्यावर वर्गाचे निकाल लावलेले. पहिल्यांदा मी एकटीनं दुरुस्त केलेलं मशीन ते. सुरू झालं तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, "आवाज कमी कर." मी आठवडाभर आनंदात होते.

आणि तरीही प्रत्येक चांगल्या गोष्टीला मी उलट करून पाहिलं. चांगलं भिंग तुम्ही मला दिलंत आणि स्वतः तडा गेलेलं वापरलंत, तेव्हा मला वाटलं, मनाला खातंय काहीतरी. तुम्ही औषध घ्यायला आत गेलात की मी एकेक ड्रॉवर आवाज न करता ओढायचे आणि झेड-८०च्या रांगा बघायचे. शेकडो पाहिल्या. मरून ठिपका कुठेच नाही. मग ठरवलं, विकली असणार.

एम्युलेटरवरून आपलं भांडण तर संपलंच नाही. मी म्हणायचे, आता हे सगळे गेम फोनवर चालतात, सॉफ्टवेअर त्या चिपची हुबेहूब नक्कल करतं, मग या काळ्या तुकड्यांमागे कशाला लागायचं? तुम्ही म्हणायचात, "नक्कल बरोबर आहे की नाही हे कशाशी ताडून बघणार? खरी एक तरी शिल्लक नको?" यावर माझ्याकडे उत्तर होतं. पुढच्या रविवारी देणार होते. आता ते इथे लिहीत नाही. समोर माणूस नसताना वाद जिंकणं बरोबर नाही.

तुम्ही गेल्यावर चौदाव्या दिवशी काकूंचा फोन आला. "ये बाई. ते सगळं काय आहे ते तुलाच कळतं. मला तर सगळी झुरळं दिसतात पाय वर केलेली."

मी गेले. खरं सांगते, मदतीला म्हणून गेले आणि शोधायलाही गेले. आता कुणी मध्येच आतून येणार नव्हतं. आदल्या दिवशी मावसबहिणीचं लग्न होतं, त्यामुळे मेंदी, नेलपॉलिश, सगळं अंगावर होतं. काकू शेजारी बसून याद्या लिहीत होत्या. तुम्ही न तपासलेल्या चिपांचा एक डबा राहिला होता, तो मी घेतला. तिसऱ्या-चौथ्या चिपला कापूस तांबडा झाला.

काळा होतो, काका. तांबडा कधी होत नाही. मी चिप वळवून पाहिली, वास घेतला. कुणी नवीनच लेप काढलाय की काय असं वाटलं. मग माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. अर्धं नख कोरं झालं होतं.

"काय गं?" काकू म्हणाल्या.

"काही नाही."

माझ्या टेबलावर आलेली प्रत्येक चिप मी पुसून बघतो. तुम्ही हे माझ्यासमोर म्हणाला होतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये हेच असतं. हे तर माझ्या तोंडावर म्हणाला होतात. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते, दुसऱ्यांच्या चुका शोधायचीच नोकरी आहे माझी. आणि ॲसिटोननं पुसणाऱ्या माणसाला पकडायला मी नेलपॉलिशची खूण केली होती. सहा वर्षं त्याच बाटलीशेजारी बसून मला हे सुचलं नाही. सुचू दिलं नाही, असं म्हणायला हवं. मला उत्तर आधीच मिळालं होतं ना.

पण हा झाला तर्क. तुम्हीच शिकवलंत, तर्क म्हणजे तपासणी नाही. मी काकूंना विचारलं, जुनी कार्डं कुठे आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती, वर्षावार, दोऱ्यानं बांधलेली. 'मुलगी, चष्मा, बोलत नाही' सापडायला फार वेळ लागला नाही. कापसाचा बोळा टेपखाली चपटा झाला होता. कडेनं पांढरा, मध्ये मरून. खाली तुमचं अक्षर:

'चिप खरी. रंग चिपचा नाही. मुलीला दाखवू नये. लाजेल.'

तुम्ही रागवाल, पण मी ते कार्डही तपासलं. शाई भिंगाखाली पाहिली. टेप किती पिवळी झालीय ते शेजारच्या कार्डांशी ताडून पाहिलं. नंतर केलेलं असू शकतं का, याचा विचार केला. नव्हतं केलेलं. मग कार्ड पर्समध्ये ठेवलं. काकूंनी पाहिलं, विचारलं नाही.

घरी बाबा पेपर वाचत होते. मी कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे आपलीच आहे."

"हो."

"मग मी त्या माणसाला चोर म्हणत होतो."

"मी सांगितलं म्हणून."

"तू सांगितलंस, हे खरं." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "पण मला ते इतक्या पटकन पटलं कसं? मी एकदा विचारलंही नाही, जाऊन बघू या का म्हणून." मग म्हणाले, "आयुष्यभर ऑफिसात लोक माझ्या फायली दोनदा तपासायचे. इतरांच्या एकदा. मला त्याचा किती राग यायचा."



रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे गेलो. स्वारगेटपासून चालत, कारण बाबांना बोलायचं नव्हतं आणि रिक्षात गप्प बसणं अवघड जातं. तीन जिने चढून मी बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, आधी मला पाहिलं, मग माझ्यामागे.

"हे बाबा," मी म्हटलं.

"अगं बाई! अहो, जिने कसे चढलात? आणि तुमचा गुडघा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला आठवत असेल. दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही म्हणायचात, बाबांना घेऊन ये, त्यांचा कॉम्प्युटर कसा चालतोय ते विचारायचंय. आणि मी म्हणायचे, त्यांचा गुडघा दुखतो. तुम्ही एकदा नारळाच्या तेलात काहीतरी उकळून बाटली दिली होतीत. ती मी बसस्टॉपच्या बाकावर ठेवून आले होते.

"गुडघा चांगला आहे काकू," मी म्हटलं. "कधीच दुखत नव्हता. मी खोटं सांगत होते."

काकूंनी पदरानं हात पुसले. "ते ठाऊक होतं यांना. म्हणायचे, पोरगी दर वेळी वेगळा पाय दाखवते."

बाबांना हसू आलं, आणि ते आल्याबद्दल त्यांनाच कसंतरी वाटलं असावं. दारातच उभं राहून, चप्पल न काढता ते म्हणाले, "वहिनी, मी आलो नाही कारण माझ्या मनात त्यांच्याबद्दल संशय होता. वाईट होता. चूक माझी आहे. ते असताना यायला हवं होतं."

मी खाली बघत होते.

"हे असते तर म्हणाले असते, एवढं ओझं घेऊन तीन जिने कशाला चढलात," काकू म्हणाल्या. "या आत. आणि संशयाचं काय, तो तर यांनी माझ्या माहेरच्या घड्याळावरसुद्धा घेतला होता. खोलून पाहिलं, तेव्हा लग्नाला चार दिवस झाले होते." मग त्यांचा आवाज बदलला आणि त्या पटकन स्वयंपाकघरात गेल्या.

बाबा तुमच्या टेबलाशी बसले. मी त्यांना ड्रॉवर उघडून दाखवले, सगळे, आवाज होऊ देत.

काका, मी तुमची क्षमा मागायला हे लिहायला घेतलं होतं. ती मागते. पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी गिळणार नाही. तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. ठिपका कुणी दिला, का दिला, मी परत कशासाठी आले, गुडघा कुठला, सगळं. तुम्ही मला लाजेपासून वाचवत होतात, असं कार्डावर लिहिलंय. मला अजून पूर्ण पटत नाही. मला वाटतं, तुम्ही मला चालू ठेवून बघत होतात. तापल्यावर कुठे अडखळते ते. आणि त्यात एक माणूस, ज्याला तुम्हाला भेटायला आवडलं असतं, सहा वर्षं घरी बसून राहिला.

एकदा विचारायचं होतंत. रविवारी, चहा पिताना, सहज. 'तपासनीस, तो ठिपका कशाचा होता?'

मी खोटंच बोलले असते. तुम्हाला तेही माहीत होतं. तरीसुद्धा विचारायला हवं होतंत, काका.